रिकाम्या जागा मिटवणारं बटण

आमच्या स्टुडिओत तीन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मालक आणि गिऱ्हाइकं, मधल्या खोलीत माझे कॅमेरे, दिवे आणि वायरींचा गुंता, आणि मागच्या खोलीत आमची एडिटर, जिला सगळे ताई म्हणायचे. मागच्या खोलीला खिडकी होती, पण कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उजेड पडतो म्हणून ती कायम जाड काळ्या कापडाने झाकलेली असायची. भर दुपारी आत गेलात तरी दोन स्क्रीनचा निळसर उजेड आणि त्या उजेडात ताईचा चेहरा, एवढंच आधी दिसायचं. यंत्रांसाठी खोली गार ठेवावी लागे, म्हणून खांद्यावर बाराही महिने शाल.

मी कॅमेरामन. मी चित्रं टिपून आणायची आणि ताईने ती कापून, जोडून त्यांची फिल्म करायची, अशी आमची सोळा वर्षांची वाटणी. फुटेज दिलं आणि चित्र जरा जरी हललेलं असलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "स्टँड घरी विसरला होतास का?" मी म्हणायचो, "ताई, स्टँडवरच होता." मग ती चष्म्यावरून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "मग स्टँडला थंडी वाजत असेल."

ती चोपन्न वर्षांची होती. तिच्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून गेली होती. एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, कुठलं बटण कुठे आहे हे कळतं कसं? ताई म्हणाली, "मला नाही माहीत. बोटांना विचारा." हे खरंच होतं. ती खाली बघायचीच नाही. नजर सगळी चित्रावर. माणूस वाक्य संपवून ओठ मिटतो आणि डोळे हलतात, त्या दोहोंच्या मधली जागा ती पकडायची. तिथे कट. बघणाऱ्याला कापल्याचं कळायचंसुद्धा नाही. बोटं खाली आपलं काम करत राहायची आणि त्यांचा आवाज एका लयीत चालायचा. मधल्या खोलीत बसून त्या आवाजावरून मला कळायचं की काम रंगलंय की अडलंय.

एकोणीस वर्षं ती एकच प्रोग्राम वापरत होती. तो नवा होता तेव्हापासून. सुरुवातीला त्यात चुका फार. ताई प्रत्येक चूक वहीत टिपायची, तिची लेक ते इंग्रजीत लिहून द्यायची आणि पत्र कंपनीला जायचं. कंपनी तेव्हा लहान होती, उत्तर यायचं. खाली माणसाची सही असायची. एकदा ताईने लिहिलं की कापाकापी झाल्यावर तुकड्यांच्या मध्ये बारीक बारीक रिकाम्या जागा राहतात, त्या एकेक करून मिटवण्यात अर्धा दिवस जातो, सगळ्या एकदम मिटतील असं एक बटण का देत नाही? चार महिन्यांनी नव्या आवृत्तीत ते बटण आलं. खालच्या ओळीत, डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारी. प्रोग्रामच्या एका कोपऱ्यात मदत करणाऱ्यांच्या नावांची यादी असते, तीत ताईचं नाव आलं. ती फारसं काही मिरवणारी बाई नाही, पण त्या दिवशी तिने भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मुद्दाम स्टुडिओत बोलावून ते दाखवलं होतं. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांनी ते नाव वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "आमच्या लिफ्टमध्ये कारागिराचं नाव कुणी लिहीत नाही. तू पुढे गेलीस."

ते बटण आमच्यात ताईचं बटण म्हणूनच ओळखलं जायचं. फिल्म पूर्ण झाली की ती सगळे तुकडे एकदम निवडायची आणि अंगठा टेकवायची. रिकाम्या जागा मिटायच्या, तुकडे एकमेकांना चिकटायचे. त्यानंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा बघायची, मगच हातावेगळी करायची.

त्या वर्षी कर्णबधिर मुलांच्या शाळेचं काम आलं. शाळेला पन्नास वर्षं होत होती. शाळेत सदतीस वर्षं शिकवलेल्या एक बाई होत्या. स्वतः ऐकू येणाऱ्या, पण खुणांची भाषा मातृभाषेसारखी बोलणाऱ्या. त्यांच्या मनात होतं की जुन्या विद्यार्थ्यांनी आपापल्या आठवणी खुणांच्या भाषेत सांगाव्यात, त्याची फिल्म व्हावी आणि कार्यक्रमात सगळ्यांनी ती एकत्र बसून बघावी. तेवीस जण ठरले.

मी त्या तेवीसही जणांचं चित्रीकरण केलं. त्यात एक शिंपी होता, पंचेचाळिशीचा. त्याने सांगितलेलं मला बाईंनी नंतर समजावलं. शाळेत आला तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्या काळी खुणा करायला बंदी होती. तोंडाने बोला, नाहीतर बोलू नका. तो वर्गात खुणा करायचा म्हणून तेव्हाचे एक मास्तर त्याला दोन्ही हात मांडीखाली दाबून बसवायचे, तास संपेपर्यंत. पुढे या बाई नव्याने आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याच्याजवळ बाकावर बसून त्याचे हात मांडीखालून बाहेर काढले आणि त्याला म्हणाल्या, बोल. पुढे त्याच हातांनी आयुष्यभर शिवण केली. हे सगळं त्याने त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सांगताना त्याचे हात कितीतरी वेळ हवेत थांबायचे. मी कॅमेरा चालू ठेवला.

ताईने ते फुटेज बघितलं आणि या खेपेला स्टँडवरून काही बोलली नाही. म्हणाली, "हे मला जमलं पाहिजे."

बाई रोज दुपारी येऊन तिच्याशेजारी बसू लागल्या. कुठे वाक्य सुरू होतं, कुठे संपतं, हे ताईला हातांवरून कळत नव्हतं. बाई सांगायच्या, ताई खूण करून ठेवायची. आठ दिवसांत निम्म्या खुणा तिला स्वतःलाच ओळखू यायला लागल्या. मालकांनी सुचवलं की खाली मंद बासरी टाकू, एवढी शांत फिल्म लोकांना जड जाईल. बाई म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी आहे त्यांना जड जाणार नाही. आणि आपल्यासारख्यांनी संगीत ऐकायला लागलं की हातांकडे लक्ष राहत नाही." ताई म्हणाली, "नाही टाकायचं." त्यामुळे त्या तेवीस जणांच्या भागात, खुर्चीची करकर किंवा एखादा खोकला सोडला तर, आवाज असा नव्हताच. खाली फक्त मजकुराची ओळ. सुरुवातीला शाळेच्या अध्यक्षांचं मनोगत आणि शेवटी शिक्षण खात्यातल्या साहेबांचं आठ मिनिटांचं भाषण, ते मात्र बोलून केलेलं.

आता माझा भाग सांगतो. तो सांगायला मला आवडत नाही.

शेवटच्या सहा जणांचं चित्रीकरण मी नव्या कॅमेऱ्यावर केलं होतं. त्या कॅमेऱ्याच्या फायली ताईच्या मशीनवर उघडेनात. शनिवारी ताई बहिणीकडे गेली होती, सोमवारी येणार होती. कार्यक्रम गुरुवारी. मी मालकांना सांगितलं. त्यांनी शोधलं आणि म्हणाले, नवी आवृत्ती टाकली की उघडतात. ताईच्या मशीनवर एक कागद चिकटवलेला होता, तिच्या ठसठशीत अक्षरात. "मला विचारल्याशिवाय अपडेट करू नये." मालकांनी तो वाचला. मीही वाचला.

"विचारायचं का फोन करून?" मी म्हणालो.

"अरे, दोन दिवस बहिणीकडे गेलीये, तिथेही कामाचं कशाला? उलट आल्यावर तयार मिळेल."

मला ते पटलं असं नाही. पण नवा कॅमेरा मीच हट्टाने घ्यायला लावला होता, आणि फायली उघडत नाहीत हे माझ्याच अंगावर येणार होतं. मी गप्प बसलो. मालकांनी "होय" वर क्लिक केलं.

सोमवारी ताई आली, शाल घेतली, मशीन चालू केलं. मी मधल्या खोलीत भिंगं पुसत होतो. बोटांचा आवाज सुरू झाला आणि दोन सेकंदांत थांबला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. मग बराच वेळ काहीच नाही.

मी आत गेलो. स्क्रीन ओळखू येत नव्हता. जिथे आवाजाच्या पट्ट्या असायच्या तिथे मोठमोठी गोलाकार चित्रं आली होती, मोबाइलवर असतात तशी. वरची यादी डावीकडे गेली होती, डावीकडचं कुठेतरी आत दडलं होतं. तिने वर्षानुवर्षं स्वतःच्या सोयीने लावलेली बटणांची मांडणी पुसली गेली होती आणि तिच्या जागी एक ओळ होती, जुनी मांडणी या आवृत्तीत चालत नाही. फिल्म नव्या आवृत्तीत आपोआप उघडून बदलली गेली होती, त्यामुळे आता ती जुन्या आवृत्तीत परत नेताही येत नव्हती.

"हे कुणी केलं?" तिने मागे न बघता विचारलं.

"मालकांनी," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.

ती पुढच्या खोलीत गेली. मालकांचं उत्तर मला ऐकू आलं. "ताई, सगळं जग अपडेट करतं. दोन दिवसांत सवय होईल. तुमच्यासारख्या हुशार माणसाला काय अवघड?" ती परत आली आणि बसली. पहिल्यांदाच मी तिला खाली बघून, एका बोटाने बटण शोधताना पाहिलं. सोळा वर्षांत जी बाई मी कधी चाचपडताना पाहिली नव्हती, ती स्वतःच्याच घरात कुणीतरी सामान हलवून ठेवल्यासारखी धडपडत होती. कापायचं बटण दाबलं की चित्र मोठं व्हायचं. मागे जायचं दाबलं की पुढे जायचं. दर वेळी ती "थांब" म्हणायची, मशीनला की स्वतःला कोण जाणे. मंगळवारी तिच्या मानेत उसण भरली. बुधवारी तिने जेवणाचा डबा उघडलाच नाही.

गुरुवारी दुपारी अडीचला शेवटचा तुकडा जागेवर बसला. कार्यक्रम चारला, शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. मालक दारात गाडीची किल्ली हातात घेऊन उभे. ताईने सगळे तुकडे निवडले आणि अंगठा टेकवला. एवढं एकच बटण होतं जे अजून जागेवर होतं, त्याच ठिकाणी, त्याच खुणेचं. मग पूर्ण फिल्मची एक फाइल करून बाहेर काढायला लावली. ती भराभर निघाली. ताई म्हणाली, "चला, निदान हे तरी पूर्वीपेक्षा लवकर होतंय."

"मला एकदा पूर्ण बघू दे," ती पुढे म्हणाली.

"अहो, अठ्ठेचाळीस मिनिटांची फिल्म आहे. पोचणार कधी?" मालकांनी ड्राइव्ह काढून खिशात टाकला. "आठ दिवस तुम्ही आणि बाई तेच तर बघताय."

ताई उठली. ती आमच्याबरोबर आली.

सभागृहात तीनशे माणसं होती आणि हवेत सगळीकडे हात चालले होते. इतका गजबजलेला शांतपणा मी कधी अनुभवला नव्हता. लोक खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा मारत होते. शिंपी तिसऱ्या रांगेत बसला होता, या दिवसासाठी स्वतः शिवलेला करडा सूट घालून. शेजारी बायको. फिल्म बघणाऱ्यांचे चेहरे टिपण्यासाठी मी पडद्याकडे पाठ करून, कॅमेरा लोकांकडे लावून उभा होतो. त्यामुळे काय झालं ते मला आधी पडद्यावर नाही, चेहऱ्यांवर दिसलं.

अध्यक्षांचं मनोगत नीट झालं. मग चेहरे पुढे झुकले, आणि लगेच गोंधळले. मी वळून पाहिलं. पडद्यावर एक जुनी विद्यार्थिनी आली, हात वर उचलले आणि गेली. दुसरा माणूस आला, खुर्ची करकरली, गेला. तिसऱ्याचा हात हाताला लागून थाप वाजली, तेवढा अर्धा क्षण तो राहिला. तेवीस माणसं दीड-दोन मिनिटांत झरझर येऊन गेली. शिंप्याने खोकल्यासारखं केलं होतं एका जागी, तेवढाच त्याचा खोकला उरला होता. त्यानंतर साहेबांचं भाषण सुरू झालं. ते अख्खंच्या अख्खं, आठ मिनिटं, एक अक्षर न गाळता.

सभागृहातले हात एकेक करून खाली आले. शिंपी उठला, सूटचं बटण लावलं, बायकोला खांद्याला धरून उठवलं आणि रांगेतून वाट काढत बाहेर गेला. तो मागे वळला नाही.

नंतर कळलं ते असं. ते बटण पूर्वी रिकाम्या जागा मिटवायचं, म्हणजे जिथे चित्रही नाही आणि आवाजही नाही अशा. नव्या आवृत्तीत त्याच बटणाला जास्त अक्कल दिली होती. आता ते जिथे आवाज नाही ते सगळंच रिकामं समजून कापून टाकायचं. बोलताना लोक अडखळतात, थांबतात, ते आपोआप निघून जावं म्हणून. तसा इशारा कुठेतरी होता, नव्या बदलांच्या लांबलचक यादीत, एकेचाळिसावा.

फिल्म थांबवली गेली. बाई धावत आमच्याकडे आल्या. मालक त्यांना एका बाजूला घेऊन बोलले, पण मी हातभर अंतरावर होतो.

"बाई, काय सांगू. आमच्या एडिटरचं वय झालंय हो. नव्या गोष्टी जमत नाहीत त्यांना. आम्ही सांभाळून घेतो, पण आज नेमकं असं झालं."

ताई त्यांच्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती मालकांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलण्यापुरता वेळ होता. मी वाकून कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन लावली.

दुसऱ्या दिवशी ताई वेळेवर आली. मी आत जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. माझ्या फायलींमुळे अपडेट केलं. कागद वाचला होता. फोन करायचं मनात आलं होतं, केला नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"सोमवारी मी विचारलं तेव्हा मालकांनी केलं म्हणालास."

"हो."

तिने शालीचं टोक हातात घेतलं आणि सोडलं. "त्या सहा फायली जुन्या प्रकारात बदलून घेता आल्या असत्या. एक दिवस लागला असता. मी केलं असतं ते." मग ती म्हणाली, "मालकांचं मला काही वाटत नाही. त्यांना आतलं काम कधी कळलंच नाही. तुला कळतं. म्हणून तुझं लागलं."

मला वाटलं ती रागावेल. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तिने कंपनीला पत्र लिहिलं. या वेळी लेकीने फक्त तपासून दिलं, लिहिलं ताईनेच, दोन पानं. मी तुम्हाला सांगून हे बटण मागून घेतलं होतं. तुम्ही ते ठेवलंत त्याच जागी, त्याच खुणेचं, आणि त्याचं काम बदललंत. जागा बदलली असती तर मी निदान शोधलं असतं. सहा मिनिटांत उत्तर आलं. सही कुणाचीच नव्हती. आपल्या सूचना आमच्यासाठी मोलाच्या आहेत, आपल्यासारख्या वापरकर्त्यांच्या मागणीवरूनच हे बदल केले आहेत, आणि सोबत नव्या आवृत्तीची ओळख करून देणाऱ्या एका व्हिडिओचा दुवा. तिने कोपऱ्यातली ती नावांची यादी शोधली. नव्या आवृत्तीत यादीच नव्हती.

भाऊजी तिला घ्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी लिफ्टमध्ये वरचं बटण तसंच ठेवून लिफ्ट खाली सोडली तर मला तुरुंगात टाकतील." मग जरा वेळाने, "आणि टाकायलाच पाहिजे."

ताई हसली नाही. म्हणाली, "केसाने गळा कापला हो. आणि केस माझाच."

नशीब एवढंच की मूळ फुटेज शाबूत होतं. पुढचे नऊ दिवस बाई पुन्हा येऊन बसल्या आणि दोघींनी फिल्म नव्याने उभी केली. ताई आता प्रत्येक गोष्ट माउसने, यादीत शोधून, वाचून करत होती. पूर्वी ज्याला तास लागायचा त्याला सकाळ जायची. पहिल्या दिवशी तिने बाईंना सांगितलं, "तुम्हाला मालकांनी सांगितलं ते खरं नाही. पण दाबलं मीच, आणि न बघता पाठवलं तेही मीच. तेवढं माझं."

बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ करायला आले नाहीये. ते माझ्या हातात नाही. तुम्हाला माहितीये तिथे काय झालं? त्यांना वाटलं, ऐकू येणाऱ्यांनी आपल्याला पुन्हा एकदा गाळलं. मशीनने गाळलं हे सांगितलं तरी त्यांना खरं वाटत नाही. का वाटावं?"

मालकांनी शाळेला एक पत्र लिहून खरं काय ते कळवावं, असं ताईने दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "झालं गेलं, आता कशाला उगाळायचं?" तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही. ते पत्र मी लिहिलं. माझ्या नावाने, माझ्या चुकीसकट. शाळेने ते फळ्यावर लावलं असं बाईंनी सांगितलं. ताईला मी ते दाखवलं तेव्हा तिने वाचून परत दिलं आणि म्हणाली, "ठीक आहे." त्या "ठीक आहे"त काय होतं हे मी अजून सांगू शकत नाही.

फिल्म तयार झाल्यावर ती पुन्हा सभागृहात दाखवणं काही झालं नाही. पन्नास वर्षं एकदाच होतात. लांबून आलेली माणसं परत गेली होती. ताई म्हणाली, निदान शिंप्याला आपण जाऊन दाखवू. बाई, ताई आणि मी गेलो.

त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. दोन मशिनी, इस्त्रीचं टेबल, भिंतीवर खडूने आखलेले कागदी नमुने. त्याने आम्हाला बघितलं, बाईंना वाकून नमस्कार केला आणि आम्हा दोघांकडे दुर्लक्ष करून कापडावर रेघ ओढत राहिला. बाईंनी हातांनी सांगितलं. तो ऐकत होता, म्हणजे बघत होता, पण खडू सोडत नव्हता. शेवटी ताई पुढे झाली आणि तिने स्वतः खूण केली. आठ दिवसांत शिकलेली, मोडकीतोडकी. बाईंनी नंतर मला सांगितलं की तिला म्हणायचं होतं, "तुमचं बोलणं माझ्या हातून गेलं." प्रत्यक्षात ती म्हणाली होती, "तुमचं बोलणं, माझा हात, गेलं."

शिंप्याने खडू ठेवला.

आम्ही इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. त्याने बायकोला आतून बोलावलं. त्याचा भाग सात मिनिटांचा होता. हात हवेत थांबलेले सगळे क्षण ताईने ठेवले होते, एकही आखूड केला नव्हता. तो बघत असताना त्याची बायको स्क्रीनकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. संपल्यावर त्याने पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर सगळी फिल्म बघितली. साहेबांचं भाषण आलं तेव्हा त्याने बाईंना काहीतरी विचारलं.

"तो विचारतोय," बाई म्हणाल्या, "हे काढता येतं का."

"येतं," ताई म्हणाली.

"मग काढा म्हणतोय."

ताईने तिथेच, दुकानात, शिवणयंत्राच्या स्टुलावर बसून ते काढलं. यादी उघडली, वाचली, निवडलं, पुन्हा वाचलं, कापलं. बराच वेळ लागला. शिंपी कोपरं टेबलावर टेकून तिच्या हातांकडे बघत उभा होता. अध्यक्षांचं मनोगतही गेलं. उरली ती चाळीस मिनिटांच्या आतली, अथपासून इतिपर्यंत आवाज नसलेली फिल्म. ती जुन्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना फोनवर पाठवली. शाळेकडे भाषणांसकटची आहे.

शिंप्याने आम्हाला चहा दिला. हसला वगैरे नाही. निघताना त्याने बाईंकरवी सांगितलं की सभागृहात त्याच्या शेजारी बसलेली माणसं त्याला हवी होती, फोनवरची नकोत, पण ते आता होणार नाही हे त्याला कळतं.

ताईने वर्षअखेरीस स्टुडिओ सोडला. मालकांनी छोटा समारंभ करतो म्हटलं, ती नको म्हणाली. त्यांच्याकडे आता दोन नवी माणसं आहेत, नव्या आवृत्तीवरच शिकलेली. त्यांचं काम वाईट नाही. ताई घरी काम करते. भाऊजींनी कुणाच्या तरी ऑफिसातून मोडीत निघालेलं एक मशीन आणलं, त्यावर जुनी आवृत्ती टाकली आणि नेटची वायर तोडून टाकली, नुसती काढली नाही. लोकांच्या नव्या फायली त्यावर उघडत नाहीत, म्हणून तिच्याकडे काम कमी येतं. ते मशीन बंद पडलं की काय करायचं, हे तिने ठरवलेलं नाही.

मी मधून मधून जातो. फुटेज नेतो, आधी जुन्या प्रकारात बदलून. ती घेते, बघते, काम चोख करून देते. चहाही करते. पण स्टँडवरून ती मला आता काही बोलत नाही. मागच्या महिन्यात माझा एक शॉट खरोखरच हलला होता, आंधळ्यालाही दिसेल इतका. मी मुद्दाम तिच्या समोर बसून राहिलो. तिने तो भाग दोनदा बघितला, कापला, आणि पुढचा लावला.